आईला सांगू नकोस

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसलो होतो आणि आमचे नातू, वय वर्षं सात, घसरगुंडीवर होते. 'घसरगुंडीवर' हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतो आहे. घसरगुंडीच्या माथ्यावर प्लॅस्टिकचं एक लाल छप्पर असतं ना, त्या छपरावर. ते छप्पर तिथं कशासाठी ठेवतात हे मला आजवर कळलेलं नाही. पण मुलांना ते पहिल्या दिवशीच कळतं.

मी ओरडलो, "अरे, पडशील!"

तोपर्यंत तो पडत नव्हता. घोड्यावर बसावं तसा दोन्ही बाजूंना पाय सोडून बेतानं बसला होता. कोण ओरडलं ते बघायला त्यानं मान वळवली, आणि पडला.

खाली रबराची चटई होती, पण वाटेत एक नट लागला. गुडघा खरवडला. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तो उठून बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, तू ओरडलास म्हणून मी पडलो." (आजोबांना अरेतुरे करायचा पायंडा आमच्या घराण्यात याच गृहस्थांनी पाडला.) मग त्यानं गुडघ्याकडे पाहिलं, आलेलं रडं गिळलं, इकडंतिकडं नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "आईला सांगू नकोस."

पहिल्या वाक्यानं मी ओशाळलो. दुसऱ्या वाक्यानं मात्र माझी झोप उडवली.

पहिल्याचं आधी बघू. मराठीतला भविष्यकाळ ज्योतिषांपेक्षा आईबापांनीच जास्त वापरलेला आहे. पडशील, लागेल, भाजेल, कापेल, बुडशील. लहानपणापासून हे पंचाक्षरी स्तोत्र कानावर पडत असल्यामुळे त्याचा अर्थ कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. गंमत अशी की, ते म्हणणाऱ्याला पोराच्या पायाखाली काय आहे ते माहीत नसतं आणि पोराला ते तळव्यातून कळत असतं. मी बाकावरून बघत होतो, तो छपरावरून. धोका कुणाला जास्त नीट दिसत होता?

हा प्रश्न माझ्या दृष्टीनं साधा नाही. चौतीस वर्षं मी विमा कंपनीच्या अपघात विभागात काढली. धोका मोजणं ही माझी रोजीरोटी. कुणाच्या ट्रकला किती हप्ता, कुणाच्या कारखान्याला किती, हे मी चहा पिता पिता सांगत असे. तो मी, सात वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याबाबत सपशेल चुकलो. तेव्हा निवृत्त माणसाच्या चिकाटीनं मी या विषयावर वाचायला बसलो.

नॉर्वेतल्या एलेन सँडसेटर नावाच्या बाईंनी बालवाडीतल्या मुलांना खेळताना बघून २००७ साली धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार पाडले. उंचावर चढणं, सुसाट वेगानं जाणं, चाकू-करवतीसारखी हत्यारं हाताळणं, आगीच्या नाहीतर पाण्याच्या जवळ खेळणं, दंगामस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. यादी वाचून माझ्या डोळ्यांसमोर थेट आमचा साताऱ्याचा वाडा उभा राहिला. सहाही प्रकार आम्ही एका दुपारी उरकत असू आणि वर गोट्यांना वेळ उरत असे.

वाड्यामागं एक वड होता. त्यावर आम्ही सूरपारंब्या खेळायचो. हल्लीच्या वाचकांसाठी सांगतो: झाडाखाली एक वर्तुळ आखायचं, पायाखालून काठी लांब फेकायची, ज्याच्यावर राज्य त्यानं धावत जाऊन ती आणून वर्तुळात ठेवायची, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी झाडावर चढून बसायचं. मग त्यानं वर चढून कुणाला तरी शिवायचं. बाकीच्यांनी फांदीवरून पारंबीवर आणि पारंबीवरून धप्पकन खाली येऊन त्याच्या आधी काठीला हात लावायचा. हा खेळ आज कुणी नव्यानं शोधून काढला असता, तर माझ्या कंपनीनं त्याचा विमा उतरवायला साफ नकार दिला असता.

पण आता मागं वळून बघताना लक्षात येतं, त्या झाडावर एक अलिखित दप्तर होतं. प्रत्येकाची फांदी ठरलेली. माझी डावीकडची दुसरी. तिसरीवर मी का जात नव्हतो? कुणी मनाई केली नव्हती. एकदा गेलो, तिथून खाली पाहिलं, पोटात गोळा आला, आणि परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात गोळा थोडा लहान झाला तेव्हा तिसरी माझी झाली. नवीन फांदीवर आधी एक पाय ठेवून, पारंबी हातात धरून, जरा हिसका देऊन बघायचं. झाडांचे स्वभावही पाठ होते. चिंच इमानी, वाकेल पण मोडणार नाही. शेवगा पक्का दगाबाज, हिरवागार दिसतो आणि पाय ठेवला की कडाड्. हे आम्हाला कुठल्या गुरुजींनी शिकवलं नव्हतं. शेवग्यानंच शिकवलं.

आणि लिंबूटिंबू! जगातल्या कुठल्याही विमा कंपनीला इतकी माणुसकीची योजना सुचलेली नाही. धाकटा भाऊ रडत मागं आला की त्याला 'लिंबूटिंबू' ठरवायचं. तो खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. त्यानं सगळ्यांत खालच्या फांदीवर बसायचं, जिथून पडला तर फार तर चड्डी फाटेल. ही व्यवस्था दहा वर्षांच्या पोरांनी सहा वर्षांच्या पोरांसाठी केलेली होती. वाड्यातली मोठी माणसं तेव्हा दुपारची झोपलेली असत.

तुम्ही म्हणाल, मग काय, मुलांना सगळं कळतं! तसं नाही बुवा. न्यूयॉर्कच्या विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ या बाईंनी तान्ह्या मुलांना उतारावर सोडून पाहिलं. (झेलायला शेजारी माणूस उभा असे, काळजी नको.) रांगायला नुकतीच शिकलेली मुलं कुठल्याही उतारावर बेधडक निघत. काही आठवडे रांगून झाल्यावर मात्र त्यांना अचूक समजे, हा उतार आपल्याला झेपेल, हा नाही. आता खरी मजा पुढं. हीच शहाणी झालेली मुलं चालायला लागली, की त्याच उतारावरून पुन्हा बेधडक निघत! रांगताना कमावलेली अक्कल चालताना उपयोगी पडली नाही. ती पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागली.

हे वाचून मला बाळांची कीव आली नाही, माझी आली. सत्तरी ओलांडल्यावर मी एकदा वाड्याच्या जुन्या ओट्यावरून, पूर्वी मारत असे तशी, उडी मारली होती. ओटा तोच होता. गुडघे बदलले होते. त्यानंतर तीन आठवडे बायको मला पाणी आणून देताना जे काही म्हणत असे, तेही भविष्यकाळातच होतं.

जोडी प्लमर्ट या अमेरिकन बाईंनी १९९५ साली दाखवून दिलं, की सहा वर्षांची मुलं आपल्या ताकदीबद्दल फाजील आत्मविश्वास बाळगतात. फळीवरच्या वस्तूपर्यंत हात पोचेल म्हणतात, पोचत नाही. आणि ज्यांचा अंदाज जास्त चुकतो त्यांना अपघातही जास्त होतात. तेव्हा शेवग्याच्या शाळेची फी असते, आणि ती कुणाला फार पडते. आमच्यातल्या एकाचा हात त्या वडावरून पडून मोडला तो कायमचा जरा वाकडाच राहिला. तो हात आठवला की सूरपारंब्यांचे गोडवे गाताना माझी जीभ अडखळते.

पण चटया अंथरल्या, शिरस्त्राणं घातली म्हणजे झालं, असंही नाही. कॅनडातल्या बार्बरा मॉरोंजिएलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना अडथळ्यांच्या वाटेवरून पळवलं, एकदा हेल्मेट-पॅड बांधून आणि एकदा तसंच. बांधलेली मुलं जास्त जोरात आणि जास्त बेफिकिरीनं पळाली. आमच्या धंद्यात ही भीती फार जुनी. चोरीचा विमा उतरवला की माणूस कुलूप लावायला विसरतो.

याच बाईंचं आणखी एक म्हणणं मला फार पटलं. धोका समोर आला की मुली मनात विचारतात, 'लागेल का?' आणि मुलगे विचारतात, 'किती लागेल?' शिवाय लागलंच तर मुलगे ते नशिबावर ढकलतात. आमची ताई माझ्यापेक्षा सरस चढायची. ती कधीच पडली नाही आणि कधीच शेखी मिरवली नाही. बारावं लागल्यावर आजीनं तिचं झाडावर चढणं बंद केलं. त्याचा पडण्याशी काही संबंध नव्हता. पण तो वेगळा लेख आहे, आणि तो ताईनं लिहायला हवा.

एक गोष्ट मात्र खरी. हे सगळं शहाणपण चालतं ते मुलगा आपली फांदी आपण निवडतो तोवर. फांदी दुसऱ्यानं निवडली की हिशेब फिसकटतो. दहीहंडीचंच घ्या. सगळ्यांत वरच्या थरावर सगळ्यांत हलकं, म्हणजे सगळ्यांत लहान पोर. त्या पोराच्या पोटात किती मोठा गोळा आहे हे खालच्या सात थरांना कसं कळणार? शेवटी कोर्टाला त्यात पडावं लागलं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना बंदी आणि वीस फुटांची मर्यादा घातली. पुढं २०१७ साली चौदा वर्षांखालच्यांना चढवायचं नाही, असं ठरलं. त्या पोराला खालून ढोल ऐकू येतात, टाळ्या ऐकू येतात. स्वतःचं पोट ऐकू येत नाही.

आमच्या वडाखाली ढोल नव्हते, पण 'भित्री भागूबाई' होती. आता त्या नावाची बाई कधी काळी खरोखर होऊन गेली असेल तर तिची मी क्षमा मागतो, पण मोडलेल्या हातापेक्षा आम्हाला तिची भीती जास्त. मुलाच्या मनातला तराजू दोन पारड्यांचा नसतो, तीन पारड्यांचा असतो. एका पारड्यात हाड, दुसऱ्यात भागूबाई आणि तिसऱ्यात घर. घर म्हणजे अण्णा, आमचे वडील. या तिघांत हाडाचं पारडं सर्वांत हलकं.

अण्णांचा न्याय मोठा सरळ होता. तिसऱ्या फांदीवरून उडी मारून मी धडधाकट घरी आलो, आणि काकांनी कौतुकानं सांगितलं, तर अण्णा म्हणत, "आमचा पोरगा आहे!" त्याच फांदीवरून तीच उडी मारून कोपर फुटलं तर एक सणसणीत थोबाडीत. उडी तीच, मुलगा तोच, मूर्खपणाही तेवढाच. फरक काय तो कोपराचा. पियाजे नावाच्या स्विस पंडितांनी १९३२ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा आणि खाऊ चोरताना एक कप फोडणारा मुलगा, यांतला जास्त वाईट कोण असं विचारलं तर लहान मुलं पंधरावाल्याकडे बोट दाखवतात. मोठी झाली की हेतू बघायला शिकतात. आमचे अण्णा त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते आणि कप मोजत होते. तत्त्वज्ञ लोकांनी या घोटाळ्याला 'नैतिक नशीब' असं भारदस्त नाव दिलं १९७६ साली, बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांच्या चर्चेत. आम्हाला तो विषय तिसरीतच होता.

त्याचा परिणाम काय झाला ते सांगतो. साल १९५८. मी नऊ वर्षांचा. पारंबीवरून उडी मारली ती नेमकी एका फळकुटावर. फळकुटात खिळा होता. तो टाचेत गेला. बाहेर काढताना जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

पोरांची तातडीची सभा भरली. दगडीपाला चुरडून त्याचा रस पिळला. एकानं आणखी एक घरगुती उपाय सुचवला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. पण पाच जणांनी तो जागच्या जागी अंमलात आणायची तयारी दाखवली एवढं सांगतो. आणि मग सर्वानुमते ठराव झाला: घरी सांगायचं नाही. आईशप्पत.

तीन दिवस मी चवड्यावर चाललो. आईनं विचारलं तर म्हणालो, शाळेत लंगडीचा सामना आहे, सराव करतोय. चौथ्या दिवशी ताप भरला. जेवायच्या आधी पाय धुवायला आजीनं पाणी घातलं आणि माझा पाय धरला तो सोडलाच नाही. टाच आंब्यासारखी सुजून लाल झाली होती.

अण्णा आले. पाय बघितला. रिवाजाप्रमाणे एक थोबाडीत दिली. मग काही न बोलता मला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी निघाले. डॉक्टरांचा दवाखाना पाच मिनिटांवर होता. त्या पाच मिनिटांत मला एक नवलाची गोष्ट कळली. अण्णांचा खांदा थरथरत होता.

डॉक्टरांनी जखम उघडली, धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. धनुर्वात गंजातून येतो असं तेव्हा सगळेच म्हणत; तो येतो मातीतल्या जंतूंमुळे, आणि खिळ्यासारखी खोल जखम त्यांना फार सोयीची असते. माझ्या टाचेत ते नव्हते, एवढंच. नैतिक असेल-नसेल, नशीब होतं. हात पुसता पुसता डॉक्टर अण्णांना म्हणाले, "मुलगा धीट आहे हो तुमचा. खिळ्याला भ्यायला नाही."

अण्णा म्हणाले, "मूर्ख आहे. तीन दिवस बोलला नाही."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले, "खिळ्याला भ्यायला नाही."

अण्णांनी फीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. माफी वगैरे मागायची पद्धत त्या काळच्या वडिलांत नव्हती, आणि मागितली असती तर आम्ही घाबरून घर सोडून पळालो असतो. फक्त दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर टिंक्चर आयोडिनची बाटली आणि कापसाचा पुडा, जे कायम वरच्या फळीवर अण्णांच्या दाढीच्या सामानाशेजारी असत, ते खाली आले होते. स्वयंपाकघरालगतच्या खालच्या कोनाड्यात. माझ्या उंचीवर. धाकट्याच्याही हाताला येतील असे. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. थोबाडीत मारणं एकदम थांबलं असंही नाही; अण्णा शेवटी अण्णाच. पण लागल्याबद्दल म्हणून त्यांचा हात पुन्हा उठल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मला माहीत होतं बरं का. बागेत नातवाच्या गुडघ्यावर रुमाल दाबून बसलो होतो तेव्हा हे सगळं मनात होतं. त्याला सांगायला हवं होतं, की बाळ, फांदी तुझी तू निवड, छपरावर बसायचं तर बस, पण लागलं की पहिल्यांदा घरी सांग. पण असं बघा, त्या वेळी त्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी माझी होती. निघताना सूनबाईंनी बजावलं होतं, "बाबा, त्याला त्या छपरावर चढू देऊ नका हं." आणि सूनबाई शांतपणे बोलतात. अण्णा निदान ओरडत तरी.

"नाही सांगत," मी म्हणालो.

आम्ही दोघं घरी आलो. त्यानं चड्डी जरा खाली ओढून घेतली होती. सूनबाईंनी विचारलं, "काय, आज काय खेळलात?" तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी वर्तमानपत्र शोधायला लागलो.

"विशेष काही नाही," मी म्हणालो.

रात्री दिवे मालवल्यावर तो माझ्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला. गुडघ्यावर औषध लावून पट्टी बांधलेली होती.

"आजोबा, मी आईला सांगून टाकलं."

"असं? मग? रागावली?"

"माझ्यावर नाही," तो म्हणाला. "पण तू का नाही सांगितलंस, ते ती उद्या सकाळी तुला विचारणार आहे."

मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.